अंडाशय, इन्शुलिन आणि वजनाचा काटा

आज आम्ही जो विषय घेतला आहे तो व्याख्यानमालेच्या मंडपात शोभेल काय, अशी शंका श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आल्याखेरीज राहणार नाही. पाळी लांबणे, दिवस न राहणे, हनुवटीवर लव येणे आणि अंग सुटत जाणे या गोष्टी आपल्याकडे माजघरात, त्याही आवाज खाली करून बोलण्याच्या. परंतु पानिपतचा इतिहास मंडपात सांगावा आणि घराघरांत चाललेल्या लढाईचा सांगू नये, असा काही दंडक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील साधारण दहा स्त्रियांमागे एकीला हे दुखणे असते, आणि त्यांतल्या बहुतेकींना त्याचे नावही ठाऊक नसते. म्हणजे या मंडपातही ते बसलेले आहेच.

डॉक्टर मंडळी त्याला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, थोडक्यात पीसीओएस म्हणतात. बोलण्यात पीसीओडी हा शब्द अधिक रुळला आहे. सोनोग्राफीच्या कागदावर 'सिस्ट' हा शब्द वाचून गाठी झाल्या म्हणून घरात रडारड होते. वस्तुतः त्या गाठी नव्हेतच. अंडाशयात अंडी ज्या इवल्याशा कोशांत वाढतात, ते कोश अर्ध्या वाटेवर थबकतात, पक्व होऊन फुटत नाहीत, आणि काही मिलिमीटरांचे होऊन कडेला माळेसारखे साचून राहतात. अंडे सुटत नाही म्हणून पाळी वेळेवर येत नाही. आजाराचे नाव असे मुळातच फसवे आहे. २०१२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेही, हे नाव दिशाभूल करते, ते बदलावे, असा अभिप्राय दिला. नाव चुकले म्हणून विचार चुकला, की विचार चुकला म्हणून नाव चुकले, हे पुढील हकीगतीवरून श्रोत्यांनीच ठरवावे.

या हकीगतीतील सर्वांत विलक्षण भाग आम्ही आधीच सांगून टाकतो. या आजाराचे दोन अर्धे भाग १९२१ आणि १९३५ या दोन सालांत वैद्यांच्या हाती आलेले होते. ते एकमेकांस जोडले गेले १९८० साली. मधली पंचेचाळीस वर्षे हे दोन तुकडे दोन निरनिराळ्या दालनांत पडून होते, आणि त्या काळात वजन वाढलेल्या बाईच्या माथ्यावर तिच्या जिभेचे खापर फुटत राहिले.

आरंभ मात्र याहून जुना. इटलीतील पादुआ विद्यापीठाचे प्राध्यापक आंतोनिओ व्हालिस्नेरी यांनी १७२१ साली शेतकरी घरातील तरुण, विवाहित, अंगाने काहीशा स्थूल आणि मूल न झालेल्या स्त्रियांची नोंद करून ठेवली आहे. त्यांची अंडाशये नेहमीपेक्षा मोठी, उंचसखल, चकाकणारी आणि पांढुरकी, कबुतराच्या अंड्यांसारखी दिसतात, असे ते लिहितात. या एका टिपणात स्थूलता, वंध्यत्व आणि अंडाशय हे तिन्ही एकत्र आले आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे १८४४ साली फ्रान्समध्ये शेरो याने अंडाशयाच्या अशाच कठीण, कोशमय अवस्थेचे वर्णन केले. दोघांपाशीही उपाय नव्हता.

आता १९२१ सालच्या पॅरिसकडे येऊ. एमिल-शार्ल आशार आणि जोसेफ तिएर या दोघा वैद्यांनी तेथे एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या स्त्रियांना पुरुषांसारखे केस येतात त्यांच्यांपैकी काहींच्या शरीराला साखर नीट वापरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निबंधाच्या नावातच त्यांनी त्याला 'दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह' म्हटले होते. नाव असे जत्रेतल्या तंबूला शोभेलसे असल्यामुळेच की काय, लोकांनी ते एक चमत्कारिक उदाहरण म्हणून लक्षात ठेवले आणि त्यातला विचार विसरून गेले. योगायोग असा की, त्याच साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे काढले, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. मरणाच्या दारातली मुले परत आली. त्या झगझगाटात पॅरिसच्या निबंधाकडे कोण पाहणार? इन्शुलिन नाही म्हणून मधुमेह, इन्शुलिन दिले की आराम, असा सरळ हिशेब जगाच्या मनात बसला. इन्शुलिन भरपूर असूनही बिघाड होऊ शकतो, ही कल्पनाच त्या हिशेबात मावणारी नव्हती.

दुसरा अर्धा भाग शिकागोत सापडला. तेथील मायकेल रीस रुग्णालयात आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल हे दोन स्त्रीरोगतज्ज्ञ काम करीत. सोनोग्राफी तेव्हा कोठली! पोटात वायू भरून क्ष-किरणाचे चित्र घ्यावे आणि त्यात अंडाशयाची सावली मोजावी, अशी युक्ती ते वापरीत. १९३५ साली त्यांनी सात स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. पाळी थांबलेली, कोणाला केस, कोणाला स्थूलता, आणि सर्वांची दोन्ही अंडाशये मोठी व कोशांनी भरलेली. त्यांनी पोट उघडून प्रत्येक अंडाशयाचा अर्ध्याहून अधिक भाग पाचरीसारखा कापून काढला. परिणाम असा झाला की, सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले.

आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. येथे गंमत अशी झाली की, पखालीला दिलेले औषध लागू पडले! त्यामुळे रेड्याची विचारपूस करण्याचे कारणच उरले नाही. अंडाशयात पुरुषी संप्रेरके तयार करणारा भाग कापल्याने कमी झाला, म्हणून काही काळ चक्र चालू झाले, हे आज आपण सांगू शकतो. त्या वेळी मात्र, अंडाशय जाड झाले होते, ते पातळ केले, एवढाच अर्थ घेतला गेला. पुढील तीन दशके हीच शस्त्रक्रिया जगभर होत राहिली. तिच्यामुळे पोटात आतली इंद्रिये एकमेकांस चिकटत आणि कित्येकींच्या बाबतीत ते चिकटणेच मूल न होण्याचे नवे कारण होई. १९६० नंतरच्या दशकात क्लोमिफेनच्या गोळ्या आल्यावर सुरीचे महत्त्व उतरले. दुखण्याला मात्र स्टाइन-लेव्हेंथल हे नाव पडले, ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दालनात गेले आणि तेथेच राहिले. साखरेचे वैद्य त्या दालनात फिरकत नसत.

मग वजनाचे काय? याच सुमारास, म्हणजे १९३० सालापासून, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील एल. एच. न्यूबर्ग यांनी लठ्ठपणावर मोठ्या काटेकोरपणाचे काम केले. लठ्ठ माणसाचे शरीर ऊर्जेच्या नियमाला अपवाद नसते, खाल्ले त्यापेक्षा खर्च कमी म्हणून शिल्लक साठते, हे त्यांनी मोजून दाखवले. जमाखर्च बरोबर होता. आजही तो बरोबर आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की, दोष माणसाच्या भुकेत, म्हणजे अखेर त्याच्या स्वभावात आहे. एखाद्या घरात पैसा का साठत नाही असे विचारले आणि कोणी उत्तर दिले, की मिळकतीपेक्षा खर्च जास्त म्हणून, तर ते खोटे नाही. पण घरात कोणी आजारी आहे काय, कर्ज आहे काय, हे त्याने विचारलेलेच नसते. शरीराचा साठा करण्याकडे कल का होतो, हा प्रश्न बाजूला राहिला. अंडाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ जाताना सांगत, जरा वजन कमी करा. ते का वाढले हे त्यांच्या शास्त्रात नव्हते. ज्यांच्या शास्त्रात असायला हवे होते, ते तिला खादाड समजत. घरची माणसे काय समजत, ते येथे सांगायला नको.

त्या काळी एका माणसाने मात्र खरा धागा पकडला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील हॅरल्ड हिम्सवर्थ हे त्या वेळी तिशीचे होते. त्यांनी मधुमेही माणसांना एकाच वेळी तोंडाने साखर आणि टोचून इन्शुलिन दिले, आणि रक्तातली साखर कशी चढते ते पाहिले. काहींच्या बाबतीत इन्शुलिनने साखर लगेच आवरली. इतरांच्या शरीरावर त्याचा जणू परिणामच होत नव्हता. १९३६ साली त्यांनी लिहिले की, मधुमेह दोन प्रकारचा आहे. एकात इन्शुलिन कमी, दुसऱ्यात शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. या दुसऱ्या अवस्थेला आज इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात; आपण इन्शुलिन-विरोध म्हणू.

येथे कोणी सुश्रुताची आठवण काढील, आणि ती अगदी अस्थानी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद आहेत. एक जन्मतःच आलेला, त्यातील रोगी कृश. दुसरा अपथ्याने आलेला, त्यातील रोगी स्थूल. या रोग्यांपैकी जे निर्धन असतील त्यांनी शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असाही उपाय त्यात सांगितला आहे. म्हणून इन्शुलिन-विरोध आमच्या पूर्वजांना माहीत होता, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. निरीक्षण उत्तम होते, कारण ठाऊक नव्हते. विहीर खणण्याच्या उपायाकडे आपण पुढे परत येऊ.

हिम्सवर्थ यांचे म्हणणे लोकांनी खोडून काढले नाही, पण उचलूनही धरले नाही. कारण रक्तातले इन्शुलिन मोजण्याचे साधनच कोणापाशी नव्हते. इतक्या सूक्ष्म प्रमाणात असणारी वस्तू मोजायची कशी? हे कोडे न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सुटले. रोझलिन यॅलो या पदार्थविज्ञानाच्या विदुषी आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर, या दोघांनी किरणोत्सर्गी आयोडिनची खूण केलेले इन्शुलिन वापरून मोजणीची रीत बसवली. त्यांचा मूळचा शोध १९५५ साली एका नियतकालिकाने साभार परत पाठवला आणि दुसऱ्याने शीर्षकातला एक शब्द काढायला लावला. ते नकाराचे पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवले आणि पुढे नोबेल व्याख्यानात जगाला दाखवले. हा त्यांचा खोडकरपणा आम्हांस मनापासून आवडतो. पारितोषिक मिळाले १९७७ साली. बर्सन १९७२ सालीच वारले होते.

या रीतीने १९६० साली प्रथम दिसून आले की, प्रौढपणी मधुमेह झालेल्या पुष्कळ माणसांच्या रक्तात इन्शुलिन कमी नसून उलट जास्त असते. हिम्सवर्थ खरे ठरले. स्नायू, यकृत आणि चरबी ऐकेनाशी झाली की स्वादुपिंड अधिक इन्शुलिन ओतते. वर्गात मुले ऐकत नाहीत म्हणून मास्तरांनी आवाज चढवावा, तसे. जोवर आवाज पुरतो तोवर साखर ताब्यात राहते आणि तपासणीचा कागद निर्दोष दिसतो. ज्या दिवशी मास्तरांचा घसा बसतो त्या दिवशी मधुमेह होतो.

आता शेजारच्या वर्गांत काय होते ते पाहा. त्यांचे कान शाबूत असतात आणि हा चढलेला आवाज त्यांनाही ऐकू जातो. अंडाशय हा असा शेजारचा वर्ग आहे. पण हे कळायला आणखी वीस वर्षे जावी लागली.

१९८० साली अमेरिकेतील मेंफिस येथील बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची या तिघांनी तो निबंध प्रसिद्ध केला. अब्बास किताबची मूळचे इराणचे, मधुमेहाच्या क्षेत्रातले. जेम्स गिव्हन्स अंडाशयाच्या संप्रेरकांचे अभ्यासक. दोन दालनांतली माणसे एका टेबलापाशी बसली, एवढाच या शोधामागचा चमत्कार. त्यांनी पीसीओएस असलेल्या मोजक्या लठ्ठ स्त्रिया घेतल्या आणि तुलनेसाठी तशाच लठ्ठ, पण हा आजार नसलेल्या स्त्रिया घेतल्या. दोघींनाही साखर पाजली. आजार असलेल्या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिन कितीतरी अधिक चढले. आणि इन्शुलिन जितके अधिक, तितकी पुरुषी संप्रेरकेही अधिक. तुलनेच्या स्त्रियाही लठ्ठ होत्या, ही गोष्ट महत्त्वाची. ती नसती तर, लठ्ठपणानेच असे होते, म्हणून प्रकरण मिटले असते. आशार आणि तिएर यांची दाढीवाली स्त्री आणि स्टाइन-लेव्हेंथल यांची रुग्ण ही एकाच घरातली, हे तेव्हा कळले.

यानंतर काम भराभर झाले, म्हणून आम्हीही भराभर सांगतो. १९८९ साली न्यूयॉर्कच्या अँड्रिया डुनैफ यांनी दाखवले की, या आजारातला इन्शुलिन-विरोध लठ्ठपणावर अवलंबून नाही. सडपातळ रुग्णांतही तो असतो, वजन वाढले की तो आणखी वाढतो. पण मुळात कारण कोणते आणि कार्य कोणते? पुरुषी संप्रेरकांमुळे इन्शुलिन वाढते, की इन्शुलिनमुळे ती? त्याच वर्षी व्हर्जिनियातील जॉन नेस्लर यांनी काही रुग्ण स्त्रियांना स्वादुपिंडाचे इन्शुलिन आवरणारे औषध दहा दिवस दिले. वजन तेच, अंडाशये तीच; इन्शुलिन उतरले आणि त्याबरोबर पुरुषी संप्रेरकही उतरले. इन्शुलिन अंडाशयाला अधिक पुरुषी संप्रेरक करायला लावते, आणि यकृतात तयार होणारे, त्या संप्रेरकाला बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते, त्यामुळे मोकळे संप्रेरक आणखी वाढते. कोश अर्ध्यावर थबकतात, केस येतात, पाळी चुकते. मानेच्या मागची आणि काखेतली कातडी काळवंडून मखमलीसारखी होते, तीही चढलेल्या इन्शुलिनचीच खूण. मान नीट घासत नाही म्हणून ज्या मुलींना आयांनी दगडाने घासले असेल, त्यांची संख्या कोण मोजणार!

राहता राहिले वजन. साठवण करणे आणि साठलेली चरबी मोडू न देणे हे इन्शुलिनचे नेमलेले कामच आहे. ते सदा चढलेले राहिले तर कोठाराचे दार आत जायला उघडे आणि बाहेर यायला बंद, अशी काहीशी अवस्था होते. वजन वाढले की विरोध वाढतो, विरोध वाढला की इन्शुलिन चढते. घराण्यातून आलेला कलही यात असतो. आधी बीज की आधी वृक्ष, हा वाद येथे घालण्यात हशील नाही. आमच्या मते दोन्ही खरे आहे. वजन हे या आजाराचे कारण आहे तसे त्याचे लक्षणही आहे, आणि ताप आला म्हणून रोग्याला रागे भरणारा वैद्य आपण शहाणा समजत नाही.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा मात्र नव्हे. १९९२ साली लंडनमध्ये झालेला एक छोटा प्रयोग आम्हांस या सगळ्या इतिहासातील सर्वांत आशादायक भाग वाटतो. किडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या २४ स्थूल स्त्रियांना सहा-सात महिने कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यांचे सरासरी वजन ९० किलोच्या वर होते. १३ जणींचे वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले. त्यांतल्या ११ जणींची पाळी आधी बिघडलेली होती. या ११ पैकी ९ जणींना गुण आला, पाच जणींना तर दिवस गेले. ज्यांचे वजन त्याहून कमी उतरले, त्यांच्यातल्या पाळी बिघडलेल्या आठांपैकी एकीलाच फरक पडला. पाच टक्के म्हणजे किती? ८० किलोच्या बाईला ४ किलो. आरशात ते दिसतसुद्धा नाही. शेजारीण विचारणार नाही, बारीक झालीस का म्हणून. पण चढलेले इन्शुलिन उतरते आणि अंडाशयाला आपला आवाज पुन्हा ऐकू येतो. वीस किलो उतरवीन तरच उतरवले म्हणेन, अशा हट्टाने सुरुवात करून महिन्याभरात सोडून देणाऱ्या भगिनींनी हा आकडा उशाशी लिहून ठेवावा.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे हेच काम मंडळ जमवून केले गेले. वजन जास्त आणि अंडे सुटत नाही अशा, मूल हवे असलेल्या स्त्रिया सहा महिने आठवड्याला एकदा एकत्र जमत. तासभर व्यायाम करीत, मग आहारविहारावर बोलत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा ६७ स्त्रिया आहेत. त्यांपैकी ६० जणींची अंडी आपोआप सुटू लागली आणि ४५ जणींना मूल झाले. एकटीने स्वयंपाकघरात उपाशी राहण्यापेक्षा दहाजणींनी मिळून चालणे सोपे जाते, हे वारीला जाणाऱ्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

कोणता आहार, हा प्रश्न व्याख्यान संपल्यावर हमखास विचारला जातो, म्हणून आताच सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने साऱ्या प्रयोगांची छाननी करून स्पष्ट म्हटले आहे की, या आजारासाठी अमुक एक आहार दुसऱ्याहून सरस ठरलेला नाही. जो समतोल आहे आणि जो त्या बाईला वर्षानुवर्षे निभावता येईल, तो चांगला. भाकरी सोडा, भात सोडा, एकच वेळ जेवा, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या पाठीशी हा आधार नाही. आपल्या उपासांबद्दल मात्र दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. साबुदाणा म्हणजे बहुतांशी निव्वळ पिष्ट. त्यावर तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आमच्या आजीला इन्शुलिनचे नाव ठाऊक नसतानाही कळत होते.

विहीर खणण्याच्या उपायाकडे परत येण्याचे वचन आम्ही दिले होते. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे मास्तरांचे न ऐकणारा विद्यार्थी मैदानात नेला की आपण होऊन काम करतो! म्हणूनच काट्यावर वजन हलले नाही तरी व्यायामाचा लाभ होतोच, असे ती मार्गदर्शिका सांगते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद आणणारे काम, असे तिचे माप आहे. जेवणानंतरची शतपावली चांगलीच. फक्त शंभर पावलांवर थांबू नये.

काट्यावर सर्वस्वी भिस्त न ठेवण्याचे एक कारण आपल्या पुण्यातच सापडले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या अंगकाठीत दिसण्यापेक्षा चरबी अधिक आणि स्नायू कमी, आणि हे बाळपणापासूनच, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांच्या अभ्यासातून दिसले. म्हणून निर्देशांक २३ च्या वर गेला की भारतीय माणसाने सावध व्हावे, आणि स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरांच्या आत असावी, अशी आपल्याकडची मापे ठरली आहेत. मुलगी तर बारीक आहे, हिला कसले पीसीओएस, असे म्हणून पाळीची तक्रार उडवून लावणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे. पाळी महिनोन्महिने न येणे हे गर्भाशयाच्या अस्तरालाही अपायकारक असते, आणि पुढे मधुमेहाचे भय असतेच.

औषधांविषयी थोडक्यात. गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील द्रव्यावरून तयार झालेले मेटफॉर्मिन हे औषध झाँ स्टर्न यांनी १९५७ साली पॅरिसमध्ये मधुमेहावर वापरले. १९९४ साली व्हेनेझुएलातील वेलास्केझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते या आजारात देऊन पाहिले, आणि इन्शुलिन व पुरुषी संप्रेरके उतरल्याचे नोंदवले. ते वजन घटवण्याचे औषध मात्र नव्हे. त्याने वजन उतरलेच तर थोडे. मूल होण्यासाठीही ते एकटे पुरत नाही. २००७ साली ६२६ स्त्रियांवर झालेल्या अमेरिकन प्रयोगात नुसत्या मेटफॉर्मिनने ७.२ टक्के जणींना मूल झाले, क्लोमिफेनने २२.५ टक्के. २०१४ साली लेट्रोझोल क्लोमिफेनहूनही सरस ठरले. अलीकडे वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष एका विषारी सरड्याच्या विषातून १९९२ साली जॉन एंग यांनी शोधला, तोही यॅलोबाईंच्याच ब्राँक्सच्या रुग्णालयात. ही इंजेक्शने गुणकारी आहेत, पण मूल हवे असेल तर ती आधीच थांबवावी लागतात, आणि सोडल्यावर वजन परतण्याचा संभव असतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याची वस्तू नव्हे.

त्या २०२३ सालच्या मार्गदर्शिकेत औषधांच्या मात्रा आहेत, निदानाच्या कसोट्या आहेत, व्यायामाची मिनिटे आहेत. त्यांच्याबरोबर एक लहानशी सूचना डॉक्टरांसाठी आहे. या स्त्रियांना वजनावरून आयुष्यभर बोलणी बसलेली असतात, हे जाणून वागावे, आणि बाईला काट्यावर उभे करण्यापूर्वी, तसे करण्याचे कारण सांगून, तिची परवानगी विचारावी.